तांब्याची ने-आण

साळवे मॅडमांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या झोपलेल्या होत्या. निदान मला तसं वाटलं. बीडहून नेकनूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून, डोळे मिटून त्या बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी कॉलेजात मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि त्यांच्या शेजारी अंग चोरून बसले होते. मांजरसुंब्याचा घाट लागला, बस वळणावर झुकली, तशा त्या डोळे न उघडताच म्हणाल्या,

"आत किती अंधार असेल, न्हाई?"

मी दचकले. "कुठे?"

"पेशीत." आता त्यांनी डोळे उघडले आणि मी तिथे आहे याचं त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. "बघायला तिथं डोळे कुणाला आहेत? सगळे एकमेकांना चाचपून ओळखतात. तरी चूक होत न्हाई. क्वचित होते."

एवढं बोलून त्या परत डोळे मिटून आत गेल्या. पुढे कंडक्टरने मागे वळून हाक दिली, "मॅडम, नेकनूर आलं!" बाकी कुणालाही तो अशी हाक देत नसे. मॅडम यापूर्वी कितीदा तरी त्याच नादात पुढे केजपर्यंत गेल्या होत्या आणि उलट्या बसने परत आल्या होत्या.

त्या जीवरसायन शिकवत. बुटक्या, सावळ्या, केस आखूड कापलेले, सुती साडी आणि पायात पुरुषी धाटणीच्या जाड चपला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. लग्न केलं नव्हतं. बीडला आईबरोबर राहत. घरी गेलं की ओट्याजवळच्या कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती दिसे, आणि तिच्या बाजूला एका किशोरवयीन मुलाचा फोटो. तो कोण हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पेशीत तांबं कसं वाहून नेलं जातं, हा त्यांच्या पीएचडीचा विषय. पीएचडी होऊन खूप वर्षं झाली होती, पण त्यांच्यापुरता तो विषय संपलाच नव्हता. सकाळच्या बसमध्ये, वाटेतल्या पालीच्या धरणावरचं धुकं काचेला चिकटलेलं असताना, त्या मला तो तुकड्यातुकड्याने सांगत. सांगणं कमी, स्वतःशी बोलणं जास्त. माझं रसायनशास्त्र दहावीत सुटलं होतं, तरी मला समजे.

"तांबं लागतं बघ आपल्याला. अगदी चिमूटभराच्या चिमूटभर. ते नसलं तर श्वास घेऊन उपयोग न्हाई, पेशीला त्याचं बळ करता येत न्हाई. पण तेच तांबं आत मोकळं सुटलं, की दिसेल ते जाळत जातं. मग काय करायचं? म्हणून त्याला एकट्याला कधी सोडतच न्हाईत. पेशीच्या दारातून आत आलं की कुणीतरी प्रथिन त्याला धरतं. प्रत्येकाची वाट ठरलेली. एक नेतं पेशीचं बळ तयार होतं तिकडं. एक नेतं जाळ विझवणाऱ्या विकराकडं. आणि एक नेतं आतल्या फाटकाकडं. ते फाटक जादा झालेलं तांबं पित्तात टाकून बाहेर काढतं."

"आणि एकाकडून दुसऱ्याकडे कसं देतात?"

हा प्रश्न मी विचारावा याचीच त्या जणू वाट पाहत असत. बोटांचे दोन चिमटे करून त्या एकमेकांजवळ आणत. "देणारा तांब्याला गंधकाच्या दोन हातांनी धरून असतो. घेणारा जवळ येतो, त्याचा एक हात लागतो. क्षणभर दोघांनीही धरलेलं असतं. मग घेणाऱ्याचा दुसरा हात लागतो आणि देणारा सोडतो. मध्ये ते मोकळं राहतच न्हाई."

त्यांच्या या अभ्यासाचा त्यांच्या अंगवळणावरही परिणाम झाला होता. त्या कुणालाही काही देताना दोन्ही हातांनी देत आणि "धरलं?" असं विचारत. चहाचा कप असो, खडू असो, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असो. समोरच्याने "धरलं" म्हटल्याशिवाय सोडत नसत. स्टाफरूममध्ये नवीन माणूस आला की गोंधळत असे. दोघंही एकच कप धरून एकमेकांकडे बघत उभे राहत.

वर्गात त्या मुलांना डोळे मिटायला लावत. पहिल्या तासाला मुलं खिदळत, मागचा बाक घोरण्याचा आवाज काढी. मग हळूहळू वर्ग शांत होई आणि मॅडमांचा आवाज तेवढा उरे. अर्ध्या झोपेत बोलावं तसा तो आवाज होता. एकदा त्यांना वाटलं की नुसतं डोळे मिटून हे पोरांना कळायचं नाही. त्या शिपायाच्या चहाच्या शेगडीतला एक निखारा पत्र्यावर घेऊन वर्गात आल्या. पोरांना त्यांनी आपल्या लहानपणची गोष्ट सांगितली. घरी चूल पेटवायला काडेपेटी नसली, की आई त्यांना शेजारी विस्तव आणायला पाठवी. विस्तव हवा तर असतोच, पण हातात धरता येत नाही. मग त्यांनी प्रयोगशाळेतले चिमटे वाटले आणि निखारा एका बाकावरून दुसऱ्या बाकावर देत न्यायला सांगितला. अट एकच. समोरच्याने पकडल्याशिवाय आपला चिमटा सैल करायचा नाही.

निखारा मधल्या रांगेपर्यंत व्यवस्थित गेला. तिथे कुणीतरी हसलं, चिमटा सैल पडला, निखारा बाकावर पडला आणि धूर निघाला. त्याच वेळी धुराच्या वासाने प्राचार्य दारात.

"मॅडम, काय चाललंय हे?"

"सर, तांब्याची ने-आण."

"मग पाणी कुठाय?" प्राचार्यांना पाण्याचा तांब्या वाटला.

वर्ग जो फुटला तो आवरेना. पण मॅडम हसल्या नाहीत. त्या बाकावरच्या काळ्या डागाकडे बघत होत्या. "असंच होतं," त्या म्हणाल्या. "एका जागी हात सुटला की असंच होतं." त्यांचा चेहरा एकाएकी फार दूर गेल्यासारखा झाला.

त्या काळात स्टाफरूममध्ये तांब्याच्या बाटल्यांची लाट आली होती. भूगोलाचे पवार सर सकाळी बाटलीभर पाणी पिऊन तब्येतीचे फायदे मोजत. साळवे मॅडम आता काहीतरी बोलतील म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत. त्या म्हणत, "प्या हो सर. तुमचं आतलं फाटक चांगलं आहे." सरांना ही स्तुती वाटे.

सारिका बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. नेकनूरजवळच्या वस्तीवरची, आईबाप ऊसतोडीला जाणारे. अभ्यासात चांगली, अक्षर मोत्यासारखं. त्या वर्षी तिच्या हातून काचेच्या नळ्या फुटायला लागल्या. अक्षर बारीक होत होत मुंग्यांच्या रांगेसारखं झालं. बोलणं जड झालं. मैत्रिणी म्हणायच्या नाटकं करते, घरचे म्हणायचे पोरीला नजर लागली. अशक्तपणावर उपाय म्हणून चुलती तिला रोज सकाळी तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवलेलं पाणी पाजत होती.

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त एवढंच पाहिलं की प्रयोगशाळेच्या खिडकीत मॅडमांनी सारिकाला उन्हाकडे तोंड करून उभं केलंय.

"वर बघ. आता खाली. पापणी लवू देऊ नको, बाळा."

मग मॅडम मागे सरकल्या आणि स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं तर ते धरायचंही त्यांना सुचलं नाही.

"मुक्ता," त्या मला म्हणाल्या, "मला दिसलं असं वाटतंय. मला वाटतंय ते खोटं निघू दे."

दुपारीच आम्ही तिघी बीडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते. सारिकाची हनुवटी यंत्रावर टेकवून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मी हे फक्त फोटोत पाहिलंय." त्यांनी आम्हालाही बघू दिलं. बुबुळाच्या कडेने एक सोनेरी, तपकिरी, किंचित हिरवट कडं होतं. मधाच्या बाटलीतून ऊन यावं तसं. इतकं सुंदर काही एवढं वाईट असू शकतं हे मला पटेना. ते तांबं होतं. यकृतातलं फाटक चालत नव्हतं, तांबं बाहेर पडत नव्हतं, साठत साठत मेंदूपर्यंत आणि डोळ्यांपर्यंत पोचलं होतं.

"उपचार आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण मोठ्या दवाखान्यात जायला लागेल, रक्त-लघवी तपासून पक्कं करायला लागेल, आणि औषध जन्मभर. लवकर करा."

तोडीला जायची गाडी दोन-चार दिवसांत येणार होती. आम्ही वस्तीवर गेलो तेव्हा अंगणात गाठोडी बांधून ठेवलेली होती. सारिकाची धाकटी बहीण ज्योती बांधावर शेळीमागे पळत होती. वडील घाईत होते.

"आमी गेलो की चुलती बघंल तिला. आल्यावर नेऊ दवाखान्यात."

"आल्यावर लई उशीर होईल."

सारिकाच्या आईने आम्हाला आत बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, पोरीचं लगीन ठरायलंय. ह्या टायमाला असल्या आजाराचं नाव निघालं तर कोण करंल तिला? अन् तुमी कावून एवढं मनावर घ्यायलात?"

साळवे मॅडम जमिनीवर बसल्या. आईलाही त्यांनी हाताला धरून समोर बसवलं. मग त्या बोलायला लागल्या. कॉलेजातलं मराठी गळून पडलं.

"मला भाऊ व्हता. मिलिंद. माझ्याहून लहान. हिच्यासारखंच झालं त्याला. हात कापायचे, तोंडातून लाळ गळायची, बोललेलं कुणाला कळंना. पोरं येडा म्हणायची त्याला. मास्तराचं पोरगं असून लिहिता येईना म्हणून बापानं मारलंबी. मग कावीळ झाली, पोटात पाणी झालं. आईनं काय न्हाई केलं? शेवटाला तो माझ्याकडं बघायचा, अन् मला वाटायचं ह्याच्या डोळ्यात काहीतरी चमकायलंय. मी कुणाला बोलले न्हाई. मला वाटलं, मरताना असंच चमकत असंल."

बाहेर ज्योती शेळीला शिव्या देत होती. मॅडम पुढे म्हणाल्या,

"तो गेल्यावर खूप दिवसांनी मी औरंगाबादला शिकायला गेलते. लायब्ररीत एक पान वाचत व्हते. तांब्याचंच. वाचता वाचता त्या पानात मला मिलिंद दिसायला लागला. हात, लाळ, डोळ्यातलं कडं, सगळं. त्याच्या आजाराला नाव व्हतं, बाई. औषधबी व्हतं. आमच्या घरात फक्त ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तुमी त्या नावाला भ्यायलात. मी त्याच्या पाया पडले असते, ते नाव तवा घरात आलं असतं तर."

सारिकाच्या आईने दाराबाहेर बोट केलं. "अन् ही? धाकली?"

"हिलाबी तपासायला पाहिजे. एका आईबापाच्या लेकरात असू शकतं."

"अन् तुमाला?"

"मी वाचले," मॅडम म्हणाल्या. "मी वाचले अन् तो गेला."

गाडी आली तेव्हा वडील एकटेच ऊसतोड्यांच्या टोळीबरोबर गेले. आई मागे राहिली. सारिकाला मोठ्या दवाखान्यात नेलं, निदान पक्कं झालं, औषध सुरू झालं. मला वाटलं गोष्ट इथे संपली.

पण औषध सुरू झाल्यावर सारिका आणखी बिघडली. मुरलेलं तांबं औषधाने हलायला लागतं तेव्हा काहींच्या बाबतीत असं होतं, असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. सांगणं वेगळं, बघणं वेगळं. तिला घास तोंडात घालता येईना. एका दुपारी तिची आई कॉलेजच्या व्हरांड्यात आली आणि सगळ्यांसमोर ओरडली.

"तुमच्या भरवशावर मी टोळी सोडली! चालती-बोलती पोर दिलती तुमच्याकडं! आता ती उभी राहीना!"

मुलं गोळा झाली. मॅडम खाली मान घालून ऐकत राहिल्या. "खरं हाय तुमचं," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सारिका आणि तिच्या आईबरोबर पुन्हा दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी औषध बदललं, हळूहळू वाढवत न्यायचं ठरवलं.

ते महिने मला मॅडमांच्या डोळ्यांवरून आठवतात. बसमध्ये त्या डोळे मिटेनाशा झाल्या. खिडकीबाहेर टक्क बघत बसत. धुकं असो, ऊन असो, घाट असो. त्यांच्या आतला तो अंधार, ज्यात त्या इतक्या सुखाने हिंडत, कुणीतरी बंद करून टाकल्यासारखा झाला होता. कंडक्टरला हाक द्यावी लागत नव्हती. नेकनूर यायच्या आधीच त्या उठून उभ्या असत.

एकदाच त्या बोलल्या. "मी तिला सारिका म्हणून बघितलं का, मिलिंद म्हणून?"



उन्हाळा सुरू होता होता सारिकाचा हात थोडा स्थिर झाला. आधी चमचा, मग वेणी, मग पेन. सगळं पूर्वीसारखं झालं नाही. बोलण्यात किंचित जडपणा राहिला. ठरत आलेलं लग्न मोडलं. तिचं एक वर्ष गेलं, पण पुढच्या वर्षी ती परत वर्गात आली आणि पहिल्या बाकावर बसली. आता ती नेकनूरला औषधाच्या दुकानात काम करते. तिची आई मॅडमांना नंतर कधीच काही म्हणाली नाही, माफी नाही की आभार नाहीत. पण संक्रांतीला तिळगूळ घेऊन बीडला मॅडमांच्या घरी आली. फोटोतल्या त्या मुलासमोर क्षणभर उभी राहिली आणि हातातला थोडा तिळगूळ तिथेही ठेवला.

ज्योतीच्या तपासणीत तेच निघालं. फरक एवढाच की तिला काहीच होत नव्हतं. हात कापत नव्हता, डोळ्यात कडं नव्हतं. रोजच्या गोळ्या तिलाही लागल्या आणि त्या ती बडबड करत घेत राहिली. वर्षं गेली. ती दहावी झाली, बारावी झाली, पोलीस भरतीसाठी रस्त्यावर पहाटे पळायला लागली.

मॅडमांना सारिकापेक्षा ज्योतीबद्दल बोलायला आवडे. "काय झालं तिला?" त्या मला विचारत आणि स्वतःच उत्तर देत, "काही झालं न्हाई!" मग परत, जरा हळू, "बघ मुक्ता, काही झालं न्हाई." मला ती गोष्ट कुणाला सांगता आली नसती. तिच्यात सांगण्यासारखं काही घडतच नाही. मॅडम मात्र ती डोळे मिटून स्वतःलाच सांगत. त्यांचे डोळे परत मिटायला लागले होते, आणि एकदा तर आम्ही दोघीही केजला जाऊन उतरलो.

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने सत्कार केला. भाषणं लांबली. परत येताना पाली आलं तसं मॅडमांनी अचानक घंटीची दोरी ओढली.

"इतकी वर्षं हे पाणी काचेतूनच बघितलं," त्या म्हणाल्या. "मी उतरते. तू जा. आई वाट बघत असंल, तिला म्हणावं उशीर होईल."

मी उतरायला निघाले तर त्यांनी मला खांद्याला धरून बसवलं. बस लगेच निघाली नाही, एका म्हातारीची पोती वर चढवायची होती. मी खिडकीतून बघत राहिले. मॅडम उतार उतरून काठापर्यंत गेल्या. एक मासे धरणारा थर्माकोलच्या ठोकळ्यांचा तराफा घेऊन तिथे जाळं सोडवत होता. त्या त्याच्याशी काहीतरी बोलल्या. त्याने नकारार्थी हात हलवला, त्यांनी पुन्हा काहीतरी सांगितलं, आणि तो हसला. मग सत्काराची जांभळी साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचून, चपला मांडीवर घेऊन, साळवे मॅडम तराफ्यावर बसल्या.

त्यानंतर लगेचच त्या आईला घेऊन नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. फोनवर आम्ही बोलत होतो. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्याचा निरोपही फोनवरच आला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या तराफ्यावरच.

पोती चढली. बस हलली. तराफा काठापासून बराच आत गेला होता आणि उन्हं कलल्यामुळे पाणी आणि आकाश एकाच रंगाचं झालं होतं. मॅडमांचे दोन्ही हात बोटांचे चिमटे करून हवेत एकमेकांजवळ येत होते. मासे धरणाऱ्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं होतं, आणि तो ऐकत होता.